मायक्रॉनराव

"काका, उकडत नाही का तुम्हाला?"

एप्रिलमधली दुपार. दारात मायक्रॉनराव उभे. एका हातात वीस लिटरचा रिकामा कॅन, चेहऱ्यावर माझ्या प्रकृतीची काळजी. मी म्हटलं, पंखा आहे, भागतंय. तर ते हॉलमधल्या बंद एसीकडे बघत राहिले. दुभती म्हैस दावणीला नुसतीच बांधून ठेवलेली दिसावी आणि गवळ्याचा जीव कळवळावा, तसे.

"लावत जा हो दुपारी दोन तास. या वयात उष्णतेचा त्रास होतो."

हिंजवडीत शेजारी शेजाऱ्याला लिफ्टमध्येसुद्धा ओळख देत नाही, असं ऐकून होतो. आणि इथे हा माणूस माझ्या उष्णतेची चिंता वाहतोय! मी गहिवरण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात आतून हिने विचारलं, "पण कॅन कशाला आणलाय?"

कॅन एसीच्या पाण्यासाठी होता.

त्याचं असं आहे, आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर येतात. टँकरमध्ये बहुधा कुठल्या तरी बोअरचं पाणी असतं आणि ते इतकं जड असतं की डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मायक्रॉनरावांच्या गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राशेजारी पेनाएवढा टीडीएस मीटर लटकत असतो. टँकर आला की वॉचमनच्या आधी ते हजर. मीटर बुडवतात आणि लिलाव पुकारल्यासारखे ओरडतात, "आठशे चाळीस!" पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांना आपल्या मानकाने लिटरला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असंही म्हटलं आहे. पण चालवून घेणं माणसांना जमतं, गाडीला जमत नाही. जड पाण्याचा थेंब काळ्या बॉनेटवर सुकला की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचं पांढरं कडं मागे राहतं. वर ऊन लागलं की ते कडं रंगात रुतून बसतं. म्हणून गाडी धुऊन झाल्यावर शेवटचे तांबे एसीच्या पाण्याचे. हवेतली वाफ गार होऊन ठिबकलेलं ते पाणी, त्यात क्षार कुठून येणार? अडचण एवढीच की उन्हाळ्यात पुण्याची हवा कोरडी ठणठणीत. घरच्या एका एसीला दिवसाकाठी कॅनभर पाणी सुटत नाही. म्हणून त्यांनी बी विंगमधल्या तीन घरांशी रतीब लावला होता. चौथं घर आमचं ठरलं.

हिने लागलीच वीजबिलात वाटा मागितला. तो ते देतात. महिन्याच्या महिन्याला, मोबाइलवरून, 'पाणी' असा शेरा लिहून.

मायक्रॉनराव हे काही त्यांचं बारशातलं नाव नव्हे. आयटी पार्कच्या फेज दोनमधल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, मूळचे खेड तालुक्यातले. नाव पडलं ते त्यांच्या यंत्रामुळे. मुठीत मावेल एवढं यंत्र; पत्र्याला टेकवलं की वरचा रंग किती जाड आहे ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगतं. दर महिन्याच्या एक तारखेला ते आपल्या गाडीची चाळीस ठिकाणी मोजणी करतात आणि एक्सेलमध्ये भरतात. बॉनेट डावीकडे ११८, मधोमध ११६. पगार जमा झाल्याचा मेसेज ते त्यानंतर बघतात.

एकदा सहज म्हणून त्यांनी ते यंत्र आमच्या पांढऱ्या गाडीला लावलं. टप ११२, पुढचा दरवाजा ११५. डाव्या मागच्या दरवाजाला लावलं आणि गप्प झाले. सोनोग्राफी करताना डॉक्टर मधेच गप्प होतात ना, तसे. पुन्हा लावलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "काका, एक हजार चाळीस. ह्याच्यात पुट्टी आहे."

मुलगा तर म्हणाला होता की नुसतं रबिंग करून आणलंय. संध्याकाळी मी विषय काढला. मुलगा बोलेना. सूनबाई बोलेना. दोघंही वरणात काही तरी शोधू लागले. शेवटी हिनेच पदर खोचून कबुली दिली, की गेल्या दिवाळीत मी गावी गेलो असताना तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता आणि तो खांब आदल्या दिवशी तिथे नव्हता. साठी उलटलेल्या बायकोने गाडी शिकावी, ठोकावी, दुरुस्त करून आणावी आणि हे मला एका यंत्राने सांगावं! त्या दिवसापासून सोसायटीत पुष्कळ जण मायक्रॉनराव जवळून गेले की आपल्या गाडीच्या आणि त्यांच्या मधे उभे राहतात.

खरं तर मायक्रॉन हा शब्द मला नवा नव्हता. माझी एकतीस वर्षं पिंपरीकडच्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेली. हे मायक्रॉनरावांना कळलं, तेव्हा वारकऱ्याला पंढरपुरात घर असलेला माणूस भेटावा तसा आनंद त्यांच्या तोंडावर पसरला. तेव्हापासून दर रविवारी पहाटे पावणेसहाला माझ्या मोबाइलची रिंग वाजते. "काका, आहात का जागे?" या वयात माणूस त्या वेळी जागाच असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्यांना माझ्याकडून कथा हव्या असतात. मोकळी बॉडी रंगाच्या टाकीत कशी बुचकळतात आणि विजेचा प्रवाह सोडून पहिला थर खाचाखोचांत कसा बसवतात. मग भट्टी, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यांत वर तो पारदर्शक क्लिअर कोट, मग पुन्हा भट्टी. एवढं करून सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास. म्हणजे पंधरा-वीस लाखांच्या गाडीची सगळी झळाळी एका केसाहूनही पातळ पापुद्र्यावर उभी! हे मी सांगतो तेव्हा मायक्रॉनराव आपल्या डोक्यावरून हात फिरवतात. तिथे आता मोजण्यासारखं फार उरलेलं नाही.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट सेंटची. आमच्या शॉपमध्ये डोक्याला तेल लावून यायला बंदी, सेंट-डिओ मारायला बंदी. त्यातल्या सिलिकोनचा कण हवेतून ओल्या रंगावर पडला, की रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खळगा पडतो. एकदा साखरपुडा ठरलेला एक पोरगा घमघमत कामावर आला. त्या पाळीत अकरा बॉड्यांवर मासे डोळे वटारून बघत होते. मायक्रॉनरावांनी ही गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या रविवारपासून ते आंघोळ न करता गाडी धुवायला येऊ लागले. आपला रंग चांगला भट्टीतून भाजून निघालाय, त्याला आता सेंटने काही होत नाही, हे मी सांगून पाहिलं. "रिस्क कशाला?" म्हणाले.

आणखी एक चूक माझ्याकडून झाली. रंग द्यायच्या आधी बॉडीवरची बारीक धूळ झाडायला काही कारखान्यांत शहामृगाच्या पिसांचे रोलर वापरतात, हे मी बोलून गेलो. मायक्रॉनरावांनी डोळे मिटले. जरा वेळाने डोळे न उघडताच विचारलं, "शहामृग पुण्यात कुठे मिळेल?"

एवढं सगळं शिकवलेला हा गुरू आपली गाडी मात्र एकोणीस वर्षं जुन्या बनियनने पुसत होता, हे मी त्यांना कधी तरी सांगेन. मृत्युपत्रात.

आता, गाडी काळी. हिंजवडीत राहून काळी गाडी! हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली म्हणतात, पण त्याला वाकडच्या पुलावरून माणला जायचं नव्हतं. इथे पंचवीस वर्षांपूर्वी भात डुलत होता. आता चहूकडे इमारती उठताहेत, मेट्रोचे खांब उभे राहिलेत, खडीचे डंपर आणि काँक्रीटचे फिरते रांजण दिवसरात्र धावताहेत. मुद्दाम बघायचं असेल तर सकाळी पुसलेल्या गॅलरीत दुपारी बोटाने सही करून पाहावी. शिवाय ही धूळ साधीसुधी नाही. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याच्यावर गड बांधले, तो खडीक्रशरमध्ये दळून झालेली ती वस्त्रगाळ पूड. ज्या दगडापुढे तोफांचं चाललं नाही, त्याच्यापुढे क्लिअर कोटचा काय पाड! तो दगड गाडीवर नुसता बसून राहिला तर काही करत नाही. आपण फडकं फिरवलं की तो पॉलिशपेपर होतो.

मग काळी का घेतली, हे मी विचारलं होतं. "काका, पांढऱ्या गाडीवर ओरखडे असतातच, फक्त दिसत नाहीत. काळा रंग खोटं बोलत नाही." असं म्हणून त्यांनी मोबाइलचा टॉर्च माझ्या पांढऱ्या गाडीवर मारला आणि नेमक्या कोनात मला वाकवून उभं केलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या बारीक गोल रेषा. घरोघरी दिसणारी गोष्ट आहे ही. वर्षानुवर्षं काथ्याने घासलेली स्टीलची थाळी दिव्याखाली धरा, तशीच वर्तुळं दिसतात. रेषा असतात हव्या तशा आडव्या-तिडव्या. पण दिव्याभोवतीच्या ज्या रेषा प्रकाश डोळ्यांकडे फेकतात तेवढ्याच दिसतात, म्हणून जाळं गोल वाटतं. थाळीत आपण जेवतो, त्यामुळे तिकडे लक्ष जात नाही. मायक्रॉनरावांना गाडीत जेवायचं नसतं. ते रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन गाडीभोवती वाकून फिरतात. नव्या भाडेकरूंनी एकदा चोर म्हणून वॉचमनला उठवलं. वॉचमनमामा आळोखेपिळोखे देत म्हणाले, "झोपा तुम्ही. त्यांचीच गाडी आहे, ओवाळतायत."

त्यांची धुण्याची पद्धत एकदा बघाच. बेसमेंटमध्येच, कारण उन्हात तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू जागच्या जागी वाळतो. पहिली पाळी चाकांची, त्यांची बादली आणि ब्रश निराळा. ब्रेकची काळी पूड अस्पृश्य. मग फवाऱ्याने सगळ्या गाडीवर फेस. दाढी करायला बसलेल्या माणसासारखी गाडी पाच मिनिटं गप्प बसते, फेस ओघळतो आणि धुळीला सोबत घेऊन खाली उतरतो. या पाच मिनिटांत कुणी बोलायचं नाही. मग तो फेस धुवायचा. इथवर गाडीला बोट लागलेलं नाही, लक्षात घ्या. आपल्याकडच्या पद्धतीने एव्हाना गाडी पुसून, बादली पालथी करून माणूस पोहे खायला गेलेला असतो.

मग दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं, दोन्हींच्या बुडाशी जाळी. हातात मऊ केसाळ मोजा. तो शॅम्पूत बुडवायचा, एक दरवाजा वरून खाली सरळ रेषेत धुवायचा, गोल गोल नाही. आणि पुन्हा शॅम्पूत घालायच्या आधी साध्या पाण्यात जाळीवर चोळायचा, म्हणजे खडे खाली बसतात आणि जाळी त्यांना वर येऊ देत नाही. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, दरवाजांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त कचकच तिथे. शॅम्पू गाडीचाच, सौम्य. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण मायक्रॉनरावांसमोर कुणी काढला तर ते एकच विचारतात, "डोकं कशाने धुता?" कारण कपड्याच्या साबणाने मळाबरोबर रंगावर चढवलेलं मेणही निघून जातं. ते मेण ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं असतं, आणि तेच चॉकलेटच्या गोळ्यांना चकाकी आणायलाही वापरतात. ही माहिती त्यांनी सोसायटीतल्या पोरांसमोर द्यायला नको होती. पुढचा आठवडाभर त्यांनी गाडीवर जिभेचे ठसे शोधले.

सगळ्यात शेवटी पुसणं. खरं तर पुसणं हा शब्द चुकीचा. जाडजूड टॉवेल पत्र्यावर अलगद अंथरायचा, वरून तळव्याने थोपटायचा आणि सरळ वर घ्यायचा. "ओढायचं नाही, उचलायचं." हा त्यांचा गुरुमंत्र. एखादा कण राहून गेला असेल तर ओढल्याने रेघ उठते, उचलल्याने तो निघून येतो. टॉवेल चुकून जमिनीला टेकला तर त्या क्षणी बाद. तो धुऊनसुद्धा परत घेत नाहीत. त्यामुळे त्यांच्या घरच्या ओट्यावर सोसायटीतली सर्वांत भारी फडकी आहेत, आणि त्यांची बायको मुलांना दम देताना म्हणते, "बाबांच्या हातून पुन्हा एक टॉवेल पाडा, मला कमी पडतायत."

वार्षिक सभेत पाण्यावरून त्यांना घेरलं होतं. सेक्रेटरींनी कात्रणच आणलेलं: मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड जाहीर झाला होता. मायक्रॉनराव शांतपणे उठले. दोन बादल्यांचं पाणी छत्तीस लिटर, फवाऱ्याचं बारा, एसीचं दहा, आणि ते दहा लिटर नळाचंही नाही नि टँकरचंही नाही, हवेतलं. मग सेक्रेटरींकडे वळून विचारलं, "आपण रविवारी पाइप लावता तेव्हा चहा प्यायला वर जाता. चहा किती मिनिटांचा?" ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

या माणसाच्या आयुष्यात एकच मोठी दुर्घटना घडली, आणि ती चांगुलपणामुळे.

आमच्याकडे पहाटे गाड्या पुसायला लातूरकडचा एक मुलगा येतो. एक बादली, एक फडकं, चौतीस गाड्या. दहाव्या गाडीपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा होतो, तिसाव्या गाडीला कोकमाच्या आमटीसारखा. मायक्रॉनराव राहायला आले त्याच दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि ठरवलं: महिन्याचे पाचशे रुपये, हात न लावण्याचे. बाकीच्या तेहतिसांनी काम करायचे पैसे द्यायचे, यांनी न करायचे. आयटीतल्या माणसाला यात वावगं काही वाटलं नाही. त्या मुलाला वाटलं.

सात महिने त्याने ते पैसे घेतले आणि सात महिने ते त्याला पचले नाहीत. पाडव्याच्या पहाटे त्याने मन घट्ट केलं. पहिलंच स्वच्छ पाणी घेतलं, नवं पिवळं फडकं आणलं स्वतःच्या पैशाने, आणि चार दिवसांची धूळ बसलेली ती काळी गाडी त्याने मनापासून, दाबून दाबून, गोल गोल पुसली. वर वायपरमध्ये कडुलिंबाची डहाळी खोवली.

मायक्रॉनराव गुढीला आंब्याचा टाळा आणायला खाली उतरले होते. मी गॅलरीतून बघत होतो. माणूस रडतो तसे ते रडले नाहीत. टॉर्च लावला, बघितलं, बंद केला. मुलगा समोर हात बांधून, तोंडभर हसत उभा. "साहेब, रोज न पुसता पैसे घ्यायलो, जिवाला बरं वाटंना. म्हनलं सणाला तरी एकदा चकाचक करून द्यावी." मायक्रॉनरावांनी खिशातून शंभराची नोट काढली, त्याच्या हातात ठेवली, "छान केलीस" म्हणाले आणि लिफ्टने वर गेले. टाळा तसाच राहिला. दिवसभर एकेक जण भेटून गेला. कुणी काही बोलत नव्हतं. गाडीकडे बघायचे, मान हलवायचे. एक जण तर सवयीने म्हणाला, "वय काय होतं?"

मी सुचवलं, मशीनने पॉलिश करून घ्या, जाळं निघून जाईल. निघतं, पण ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोटच खरवडून खाली आणतात. दर खेपेला दोन-तीन मायक्रॉन जातात. मायक्रॉनरावांनी एक्सेल उघडलं. गाडीच्या अख्ख्या आयुष्यात फार तर चार-पाच पॉलिशं, असा हिशेब निघाला. त्यातलं एक लातूरच्या प्रामाणिकपणाच्या खात्यावर टाकलं. मुलाला मात्र पुढच्या महिन्यापासून सातशे झाले. प्रामाणिक माणसाला थोपवायचं तर दर वाढवावाच लागतो.

गाडी चालवतात की नाही, हे विचारायचं राहिलं असेल तुमचं. चालवतात. चार वर्षांत पाच हजार नऊशे किलोमीटर. ऑफिसला स्कूटरने जातात, बाजारात स्कूटरने, सासुरवाडीला एसटीने. गाडी निघते पहाटे पाचला, रस्त्यावर डंपर नसताना, कासारसाई धरणापर्यंत. आणि झाडाखाली थांबत नाही. पक्ष्याच्या विष्ठेत यूरिक आम्ल असतं आणि उन्हात ते रंग खातं. त्यामुळे या माणसाला निसर्गात फक्त उघडा माळ आवडतो. वर्षातून एकदा गाडी सर्व्हिसिंगला जाते, तेव्हा स्टिअरिंगवर, काचेवर आणि चावीला अशा तीन चिठ्ठ्या असतात: 'धुऊ नये'. मराठी, हिंदी, इंग्रजी. तरी परत येईपर्यंत दिवसभर ते ऑफिसात ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे बसतात.

गेल्या दसऱ्याला त्यांचे वडील गावाहून आले होते. अण्णा. सत्तरी पार, टोपी, काटक अंग. मला वाटलं, आता म्हातारा हसणार, पोराच्या खुळाचे वाभाडे काढणार. अण्णा पायरीवर बसले आणि धुणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बराबर करतुय. पोळ्याला बैल असाच धुत्यात. आदी पानी मारून चिखुल भिजू द्याचा, घाई न्हाय करायची. मंग केसाच्या अंगानं हात फिरवायचा. उलटा फिरवला का बैल लाथ मारतुय." मायक्रॉनरावांचा चेहरा असा उजळला, की टीडीएस शून्य. अण्णांनी बॉनेटवरून, न टेकवता, हात फिरवल्यासारखं केलं आणि विचारलं, "अवताला कदी जुपायचा ह्याला?"

मायक्रॉनरावांना टॉवेल पिळायची आठवण झाली.

त्या दसऱ्याची पूजाही बघण्यासारखी होती. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक थेट रंगावर नको, म्हणून बॉनेटवर वीतभर पारदर्शक फिल्म चिकटवलेली. स्वस्तिक तिच्यावर, कोजागिरीला फिल्मसकट उतरवायचं. झेंडूचा हार तारेऐवजी सुती दोऱ्यात. लिंबू चाकाखाली नाही, चाकाशेजारी, कारण फुटलं तर सायट्रिक आम्ल. लिंबाला चाकाचं नुसतं दर्शन. अण्णांनी नारळ वाढवायला घेतला, तर मुलाने त्यांना हाताला धरून बेसमेंटच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं.

यंदा खंडेनवमीला मला बढती मिळाली; साध्या पाण्याची बादली माझ्या ताब्यात आली. पहाटेपासून धुणं चाललेलं. फेस झाला, मोजा झाला, चार घरांच्या एसीचं पाणी झालं. शेवटचा टॉवेल अंथरला, उचलला. गाडी अशी दिसत होती की तिच्यात छतावरच्या ट्यूबलाइटींचे नंबर वाचता यावेत. मायक्रॉनराव फिल्म आणि हळदकुंकू आणायला वर गेले. जाताना म्हणाले, "काका, लक्ष असू द्या."

लक्ष होतं. पण वॉचमनमामांनी हाक मारली, म्हणून मी रॅम्पपर्यंत गेलो. अण्णा आले होते. रिक्षावाल्याचे पैसे द्यायचे होते, ते मी सुटे करून दिले. तेवढ्यात अण्णा खांद्यावर अर्धी गोणी बटाटे घेऊन रॅम्प उतरून गेले. खेडकडचे, नुकते काढलेले, माती लागलेले. खाली फरशीवर सगळीकडे फेसाचं पाणी आणि धुळीचा राडा. खाण्याची वस्तू. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. साऱ्या बेसमेंटमध्ये स्वच्छ जागा एकच होती.

लिफ्टचं दार उघडलं आणि मायक्रॉनराव पूजेचं ताट घेऊन बाहेर आले. बॉनेटवर गोणी. गोणीच्या शिवणीतून माती सुळकन खाली येतेय. अण्णा टोपीने घाम पुसताहेत. "खाली राडा हाय समदा. म्हनलं, सोच्च जागा बघून ठिवावी." आणि गोणी खांद्यावर घ्यायला त्यांनी तिचा कान धरून आपल्याकडे ओढायला सुरुवात केली.

"अण्णा!"

इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. ताट माझ्या हातात आलं होतं, कसं ते कळलं नाही.

"ओढू नका. उचला."

अण्णा थांबले. एका बाजूला मुलगा, एका बाजूला बाप. ताट बादलीवर ठेवून मी खालून हात घातला. "सरळ वर. अजून वर." गोणी उचलली गेली. शिवणीतून एक बटाटा निसटला, बॉनेटवर टप्कन पडला, उतारावरून सावकाश घरंगळत पुढे गेला आणि खाली पडला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो, गोणी हवेत.

मायक्रॉनरावांनी गोणी सोडली नाही. फक्त मान माझ्याकडे वळवली.

"काका, घरचा एसी चालू आहे ना?"